पेशीतली प्रथिने विषाणूंना कशी अडवतात आणि विषाणू त्यांतून कसे निसटतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणू आणि पेशी यांच्या झुंजीबद्दल वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बरीचशी उदाहरणे एचआयव्हीची आहेत, कारण ही झुंज जितक्या बारकाईने एचआयव्हीच्या बाबतीत उलगडली गेली तितकी फारच थोड्या विषाणूंच्या बाबतीत उलगडली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निर्बंधक प्रथिने म्हणजे नेमके काय?

विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. त्याला पेशीत शिरावे लागते, आपला जनुकीय मजकूर तेथे उलगडावा लागतो, पेशीच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिने आणि प्रती करून घ्याव्या लागतात आणि शेवटी बाहेर पडावे लागते. या प्रवासातील एखाद्या ठरावीक टप्प्यावर विषाणूला थेट हात घालून त्याची वाट बंद करणाऱ्या, पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांना निर्बंधक प्रथिने म्हणतात. यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विषाणू आल्याची केवळ वर्दी देणारी प्रथिनेही पेशीत असतात, पण ती या वर्गात धरली जात नाहीत.

या वर्गातले सर्वांत आधी लक्षात आलेले उदाहरण उंदरांतील एफव्ही१ या जनुकाचे. काही उंदरांना रक्ताच्या कर्करोगाचा एक विषाणू बाधत नाही आणि हा गुण पिढीजात उतरतो, हे प्रजननाच्या प्रयोगांतून दिसत होते. १९९६ मध्ये ते जनुक हाती लागले, तेव्हा ते मुळात लाखो वर्षांपूर्वी उंदराच्या जनुकसंचात अडकून पडलेल्या एका जुन्या रेट्रोविषाणूचाच (आपल्या आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या, एचआयव्हीच्याच वर्गातल्या विषाणूचा) अवशेष असल्याचे आढळले.

२. शरीरात प्रतिपिंडे असताना ही वेगळी प्रथिने कशाला हवीत?

प्रतिपिंडे तयार व्हायला दिवस लागतात, ती मुख्यतः पेशीच्या बाहेर काम करतात आणि त्यांना पूर्वीच्या भेटीची आठवण असते. निर्बंधक प्रथिनांचा आराखडा मात्र जन्मापासून जनुकांत लिहिलेला असतो, ती पेशीच्या आत काम करतात आणि पहिल्या काही तासांतच विषाणूची गाठ घेतात. त्यांना आठवण नसते. लस घेतल्याने ती काही शिकत नाहीत. लसीचा परिणाम होतो तो प्रतिपिंडांवर आणि टी-पेशी या प्रतिकारव्यवस्थेच्या पांढऱ्या पेशींवर.

या दोन व्यवस्थांना जोडणारा एक अपवाद मात्र आहे. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू तसाच पेशीत शिरला, तर ट्रिम२१ नावाचे प्रथिन त्या प्रतिपिंडाची शेपटी पकडते आणि प्रतिपिंडासकट विषाणूला पेशीच्या विघटनयंत्रणेकडे पाठवते. केंब्रिजमधील संशोधकांनी ॲडिनोविषाणूवर केलेल्या कामातून २०१० मध्ये हे स्पष्ट झाले आणि प्रतिपिंडांचे काम पेशीच्या दाराशी संपते ही समजूत मागे पडली.

३. इंटरफेरॉन आणि निर्बंधक प्रथिने एकच का?

नाहीत. इंटरफेरॉन हा संदेश आहे, आणि तो मिळाल्यावर पेशी ज्या प्रथिनांची कुमक वाढवते त्यांत निर्बंधक प्रथिने असतात. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडनमध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला. एखाद्या पेशीला बाधा झाली की ती इंटरफेरॉन सोडते, शेजारच्या पेशी ते ओळखतात आणि त्यांच्यातील शेकडो जनुके जागी होतात. काही निर्बंधक प्रथिने इंटरफेरॉन नसतानाही थोड्याफार प्रमाणात पेशीत हजर असतात. काहींचे प्रमाण मात्र संदेश मिळाल्यावर एकदम चढते.

हा संदेश किती मोलाचा आहे ते कोविडच्या साथीत दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जीव धोक्यात आलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांच्या पेशींतील निर्बंधक प्रथिनांची जनुके शाबूत असली, तरी ती जागी करणारा निरोपच वाटेत अडत होता.

४. विषाणूला कोणत्या टप्प्यावर कोण अडवते?

दारापासून सुरुवात करू. इन्फ्लुएंझासारखे आवरणधारी विषाणू पेशीने गिळताना बनलेल्या पुटिकेतून, म्हणजे पटलाच्या इवल्याशा पिशवीतून, आत येतात आणि आपले आवरण पुटिकेच्या पटलाशी एकरूप करून बाहेर पडतात. आयएफआयटीएम३ हे प्रथिन त्या पटलाचे गुणधर्म बदलून हे मीलन होऊ देत नाही. पुढे विषाणूचे आतले कवच पेशीद्रवात येते, तेथे ट्रिम५अल्फा त्याच्यावर जाळे विणते (प्रश्न ७). रेट्रोविषाणू आरएनएवरून डीएनए बनवू लागला की सॅमएचडी१ त्याचा कच्चा माल तोडते (प्रश्न ८) आणि एपोबेक३जी त्याच्या मजकुरात चुका पेरते (प्रश्न ५). पेशीकेंद्राच्या वाटेवर एमएक्सबी आडवे येते. केंद्रात पोचलेल्या हिपॅटायटिस बीच्या डीएनएला एसएमसी५/६ हे प्रथिनसंकुल गप्प करते, म्हणून त्या विषाणूचे एचबीएक्स प्रथिन सर्वांत आधी याच संकुलाचा नायनाट करते.

विषाणूचा आरएनए तयार झाला की झॅप आणि आरएनेज-एल त्याच्या मागे लागतात, आणि पीकेआर तर पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबवते. तरीही विषाणू पूर्ण झालाच, तर बाहेर पडताना टेदरिन त्याला पेशीच्या पृष्ठभागावर बांधून ठेवते (प्रश्न ६). शेवटचा टप्पा मला सर्वांत चतुर वाटतो: सेरिंक५ हे प्रथिन बाहेर पडणाऱ्या विषाणूच्या आवरणातच जाऊन बसते आणि तो पुढच्या पेशीशी जोडला जायच्या वेळी खोडा घालते, म्हणजे विषाणू सुटतो खरा, पण बाधा करण्याची त्याची ताकद गेलेली असते.

५. एपोबेक३जी आणि विफ यांची गोष्ट इतकी महत्त्वाची का मानली जाते?

कारण विफ या एचआयव्हीच्या एका गूढ प्रथिनाचे काम शोधता शोधता पेशीच्या संरक्षणाची एक अख्खी फळी उघडकीस आली. विफ नसलेला एचआयव्ही काही पेशींत व्यवस्थित वाढतो आणि काहींत तयार होऊनही निकामी निघतो, हे १९८७ पासून माहीत होते. विफ नसताना विषाणूला दगा देणाऱ्या पेशींत असे काय आहे जे इतर पेशींत नाही, हा प्रश्न विचारून मायकल मॅलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एपोबेक३जी हे प्रथिन शोधले.

हे प्रथिन ज्या पेशीत असते त्या पेशीत फारसे काही करत नाही. ते तयार होणाऱ्या नव्या विषाणूंत गुपचूप शिरते आणि पुढच्या पेशीत त्यांच्याबरोबरच पोचते. तेथे आरएनएवरून डीएनएचा पहिला धागा बनू लागला की ते त्यातील ‘सी’ या अक्षराचे ‘यू’ करते. परिणामी, त्यावरून बनणाऱ्या दुसऱ्या धाग्यात जेथे ‘जी’ हवा तेथे ‘ए’ येतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा संकेत ‘टीजीजी’ आहे. त्यातील मधल्या ‘जी’चा ‘ए’ झाला की ‘टीएजी’ उरते, आणि त्याचा अर्थ ‘येथे थांबा’ असा होतो. असे अनेक ठिकाणी घडले की विषाणूचे एकही प्रथिन धड पूर्ण होत नाही. याशिवाय एपोबेक३जी डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या वाटेतही अडथळा आणते.

विफ एपोबेक३जीला स्वतः तोडत नाही. ते एका बाजूने एपोबेक३जीला आणि दुसऱ्या बाजूने पेशीतील कलिन-५ संकुलाला पकडून दोघांना समोरासमोर आणते, त्यासाठी सीबीएफ-बीटा हे पेशीचेच आणखी एक प्रथिन वापरते, आणि एपोबेक३जीवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करवून घेते. अशी खूण झालेले प्रथिन पेशीची विघटनयंत्रणा निमूटपणे नष्ट करते. शेजाऱ्याच्या घरातील चांगले सामान दाराबाहेर काढून ठेवावे आणि नगरपालिकेच्या घंटागाडीने ते कचरा समजून उचलून न्यावे, तसा हा प्रकार आहे.

६. चिंपांझीतील विषाणू माणसात साथ कशी पसरवू शकला? त्यात टेदरिनचा काय संबंध?

टेदरिनच्या दोन्ही टोकांना पटलात रुतून बसणारे भाग असतात. विषाणू पेशीच्या पटलातून फुटून निघताना टेदरिनचे एक टोक पेशीत आणि दुसरे विषाणूच्या आवरणात राहते, आणि विषाणू दोरीने बांधल्याप्रमाणे तेथेच लटकतात. ते विषाणूच्या एखाद्या प्रथिनाला नव्हे तर आवरणाच्या पटलालाच धरत असल्यामुळे एचआयव्हीपासून इबोलापर्यंत अनेक आवरणधारी विषाणूंना त्याच्यावर तोड शोधावी लागली आहे. त्याचे हे काम २००८ मध्ये दोन संशोधनगटांनी स्वतंत्रपणे उलगडले.

चिंपांझी आणि गोरिला यांच्यातील एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचे नातलग असलेले विषाणू, टेदरिनला नेफ या प्रथिनाच्या मदतीने दूर सारतात. नेफ टेदरिनच्या पेशीद्रवातील शेपटीचा जो तुकडा पकडते, तो पाच अमिनो आम्लांचा तुकडा मानवी टेदरिनमध्ये नाहीच. निअँडरथल आणि डेनिसोव्हा या नामशेष मानवांच्या जनुकांतही तो नसल्यामुळे हा बदल बराच जुना ठरतो. म्हणजे माणसात शिरलेल्या विषाणूचे जुने हत्यार येथे बोथट झाले.

एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ आणि पी हे चार गट वानरांकडून माणसात स्वतंत्रपणे आले आहेत. त्यांपैकी एम गटाने व्हीपीयू हे दुसरे प्रथिन कामाला लावून मानवी टेदरिनवर पक्की तोड काढली आणि जगभरच्या साथीला हाच गट कारणीभूत आहे. भारतात प्रामुख्याने आढळणारा सी उपप्रकार याच गटातला. एन गटाचे रुग्ण मोजकेच आढळले, पी गटाचे त्याहून कमी, आणि ओ गट मुख्यतः कॅमेरून व आसपासच्या प्रदेशात राहिला. मात्र यावरून ‘टेदरिन हरले म्हणून साथ आली’ असे सरळ समीकरण मांडणे मला घाईचे वाटते. विसाव्या शतकातील मध्य आफ्रिकेतली वाढती शहरे, वाहतूक आणि सुयांचा पुनर्वापर यांचा वाटा वगळून ही गोष्ट पुरी होत नाही.

७. माकडांना एचआयव्ही का होत नाही?

‘माकडे’ म्हटले तर उत्तर चुकेल, कारण प्रत्येक जातीचे उत्तर वेगळे आहे. ऱ्हिसस माकडाच्या पेशीत एचआयव्ही-१ शिरतो, पण डीएनए बनण्याआधीच त्याचा अंत होतो. बोस्टनमधील जोसेफ सोड्रोस्की यांच्या गटाने २००४ मध्ये त्याचे कारण शोधले, ते म्हणजे ट्रिम५अल्फा. हे प्रथिन विषाणूच्या आतल्या कवचावर षटकोनी जाळे विणते आणि कवच अवेळी विस्कटते.

माणसातही ट्रिम५अल्फा आहे. पण एचआयव्ही-१ समोर ते फारच दुबळे ठरते. त्यातील ३३२ व्या स्थानावरचे आर्जिनिन बदलून तेथे प्रोलिन बसवले की मानवी प्रथिनही एचआयव्ही-१ ला अडवू लागते, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. या विषयात माझ्या मते याहून बोलका प्रयोग नाही: दोन जातींमधली भिंत म्हणून ज्याकडे पाहिले जाते, ती कधी कधी एका अमिनो आम्लाएवढी असते.

दक्षिण अमेरिकेतील घुबड-माकडांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या ट्रिम५ जनुकात सायक्लोफिलिन-ए या वेगळ्याच जनुकाची प्रत उडी मारून येऊन बसली आणि दोहोंचे मिळून एक नवे प्रथिन तयार झाले. सायक्लोफिलिन एचआयव्हीच्या कवचाला आपणहून चिकटत असल्यामुळे हे जोडप्रथिन त्याला अचूक गाठते. आशियातील मकाक माकडांत असेच जोडप्रथिन स्वतंत्रपणे, दुसऱ्यांदा घडून आले आहे.

८. एचआयव्ही-२ कडे व्हीपीएक्स आहे, एचआयव्ही-१ कडे नाही. मग एचआयव्ही-१ जास्त घातक कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बराच अभ्यास केलेला असतो. सॅमएचडी१ हे प्रथिन डीएनएच्या घटक अक्षरांचा साठा फोडून टाकते, त्यामुळे मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी आणि विश्रांत टी-पेशी या प्रतिकारव्यवस्थेच्या पेशींत विषाणूला डीएनए बनवण्यापुरता माल मिळत नाही. विभाजन पावणाऱ्या पेशींत सॅमएचडी१ चे हे काम बंद ठेवलेले असते, कारण पेशीलाच त्या अक्षरांची गरज असते. एचआयव्ही-२ चे व्हीपीएक्स प्रथिन सॅमएचडी१ नष्ट करवते. एचआयव्ही-१ कडे असे कोणतेही हत्यार नाही, कारण त्याच्या पूर्वजांनी चिंपांझीत स्थिरावताना व्हीपीएक्स गमावले.

तरीही एचआयव्ही-१ चे अडत नाही. त्याला मुख्यतः सक्रिय टी-पेशी पुरतात आणि त्याचे डीएनए बनवणारे एन्झाइम कमी मालावरही काम रेटते. एक मत असे आहे की डेंड्रायटिक पेशींत न वाढणे हे एचआयव्ही-१ च्या पथ्यावरच पडते, कारण त्या पेशी विषाणूचा डीएनए ओळखून सगळ्या प्रतिकारव्यवस्थेला जागे करतात. हे मत मला पटते. मात्र एचआयव्ही-२ सौम्य असण्यामागे हे एकमेव कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळतो. १९९० च्या दशकापासून मुंबई आणि गोवा धरून भारतातही त्याचे थोडे रुग्ण नोंदले गेले आहेत.

९. प्रथिन नष्ट करण्याखेरीज विषाणूंकडे आणखी कोणत्या युक्त्या आहेत?

पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही विध्वंसापेक्षा अधिक कल्पक आहेत. पहिली वेषांतराची. झॅप हे प्रथिन आरएनएमध्ये ‘सी’च्या पुढे लगेच ‘जी’ येणाऱ्या जोड्या शोधते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. माणसाच्या स्वतःच्या मजकुरात अशा जोड्या कमी असतात, म्हणून त्या जास्त दिसल्या की आरएनए परका ठरतो. एचआयव्ही-१ आणि कोविडचा विषाणू या दोहोंच्या मजकुरात या जोड्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी आहेत.

दुसरी युक्ती तोतयेगिरीची. पीकेआर हे एन्झाइम ईआयएफ२-अल्फा या प्रथिनावर फॉस्फेट बसवते आणि त्यामुळे प्रथिननिर्मिती थांबते. देवीच्या लशीसाठी वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू के३एल नावाचे त्याच प्रथिनासारखे दिसणारे प्रथिन बनवतो आणि पीकेआर त्या तोतयात गुंतून पडते. येथे एक सुंदर प्रयोग सांगायला हवा. व्हॅक्सिनियाचे दुसरे पीकेआर-विरोधी जनुक काढून टाकून तो विषाणू पिढ्यान्‌पिढ्या मानवी पेशींत वाढवला, तेव्हा त्याने के३एल जनुकाच्या एकापुढे एक अनेक प्रती करून त्या प्रथिनाचा पूर आणला. प्रती वाढल्या तशी त्यांपैकी एखाद्या प्रतीत उपयुक्त उत्परिवर्तन होण्याची संधीही वाढली. तसे उत्परिवर्तन झाले आणि मग जादा प्रती गळूनही जाऊ शकल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने मोठ्या डीएनए विषाणूंच्या चपळाईचे एक कोडे सोडवले.

तिसरी युक्ती वरच्या पातळीवरच घाव घालण्याची. डेंगीचे एनएस५ प्रथिन एकेका निर्बंधक प्रथिनामागे लागत न बसता इंटरफेरॉनचा निरोप आत पोचवणाऱ्या स्टॅट२ या प्रथिनाचाच निकाल लावते.

१०. एवढ्याशा विषाणूला इतकी सगळी हत्यारे परवडतात कशी?

एचआयव्हीचा सगळा मजकूर दहा हजार अक्षरांहूनही कमी आहे आणि त्यात नऊच जनुके आहेत, म्हणून तो एकेका प्रथिनाकडून अनेक कामे करून घेतो. व्हीपीयू टेदरिनबरोबर सीडी४, म्हणजे एचआयव्ही पेशीत शिरताना ज्याला चिकटतो ते पृष्ठभागावरील प्रथिन, देखील हटवते. नेफ सीडी४, एमएचसी-१ (बाधा झाल्याची खूण टी-पेशींना दाखवणारे प्रथिन) आणि सेरिंक५ या तिघांनाही बाजूला करते. याची किंमत अशी की एका कामासाठी झालेला बदल दुसरे काम बिघडवू शकतो, आणि म्हणून विषाणूच्या उत्क्रांतीलाही मर्यादा पडतात.

११. बर्ड फ्लू माणसात सहज का पसरत नाही?

याचे एक कारण श्वसनमार्गातील ग्राहक रेणूंमध्ये (विषाणू पेशीवर ज्यांना चिकटतो त्या रेणूंमध्ये) आहे आणि ते बहुतेकांनी वाचलेले असते. दुसरे कारण पेशीच्या आत आहे. एमएक्सए हे मानवी प्रथिन इन्फ्लुएंझाच्या एनपी या प्रथिनामार्फत विषाणूला अडवते, आणि पक्ष्यांतील विषाणू त्याच्यासमोर माणसाळलेल्या विषाणूंपेक्षा अधिक हतबल असतात. १९१८ आणि २००९ या दोन्ही महासाथींच्या विषाणूंच्या एनपीमध्ये एमएक्सएला दाद न देणारे बदल सापडले आहेत. २०२३ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी बीटीएन३ए३ हे आणखी एक प्रथिन या यादीत घातले. तेही पक्ष्यांच्या विषाणूंना रोखते आणि त्यातून निसटण्यासाठी एनपीमधील ३१३ व्या स्थानावरचा बदल कळीचा ठरतो.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये एच५एन१ ची भारतातील पहिली साथ आली, तेव्हा विषाणू कोणत्या पक्ष्यांत आहे याची चर्चा खूप झाली. आज तशी साथ आली तर विषाणूच्या एनपीमधील ही मोजकी स्थाने तपासणे हाही धोका जोखण्याचा एक मार्ग आहे. पण एखादे स्थान बदललेले दिसले म्हणजे महासाथ येणारच, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

१२. कोविडमध्ये निअँडरथलांची जनुके तारक ठरली की मारक?

दोन्ही, कारण ती दोन वेगळी जनुकखंडे आहेत आणि बातम्यांत त्यांची सतत गल्लत होते. गुणसूत्र १२ वरील निअँडरथल वारशात ओएएस१ या जनुकाचा समावेश आहे. ओएएस१ विषाणूचा दुपदरी आरएनए ओळखून आरएनेज-एलला आरएनए कापण्याची सूचना देते. त्याच्या लांब रूपाच्या टोकाला एक स्निग्ध शेपटी जोडली जाते आणि तिच्यामुळे ते पेशीतील पटलांवर, म्हणजे नेमके कोरोनाविषाणू जेथे आपल्या प्रती काढतो तेथे, जाऊन बसते. या खंडामुळे हे लांब रूप बनते आणि ज्यांच्यात ते बनते त्यांना गंभीर कोविडचा धोका काहीसा कमी असल्याचे आढळले. आफ्रिकेतील अनेक लोकांत हेच रूप निअँडरथलांशी संबंध न येताही टिकून आहे.

मारक ठरलेला खंड गुणसूत्र ३ वर आहे. दक्षिण आशियात तो सुमारे निम्म्या लोकांत किमान एका प्रतीत सापडतो, म्हणजे आपल्याकडील वाचकांना तो जवळचा आहे. पण त्याचा ओएएस१ शी संबंध नाही.

जाता जाता वटवाघळांबद्दल: कोरोनाविषाणूंचे जुने यजमान असलेल्या घोड्याच्या नालासारख्या नाकाच्या वटवाघळांत ओएएस१ ची ती स्निग्ध शेपटी हरवलेली आहे. त्यामुळे त्यांच्यात वाढलेल्या विषाणूला या प्रथिनाला चुकवण्याची गरजच पडली नसावी.

१३. सीसीआर५ जनुकात बदल असलेल्यांना एचआयव्ही होत नाही म्हणतात. तेही निर्बंधक प्रथिन आहे का?

नाही. सीसीआर५ हे विषाणूला आत येण्यासाठी लागणारे प्रथिन आहे. ३२ अक्षरे गळालेल्या रूपाच्या दोन्ही प्रती ज्यांच्यात असतात त्यांच्या पेशींवर ते नसते, म्हणून एचआयव्हीच्या बहुतेक वाणांना शिरता येत नाही. येथे विषाणूला हवे ते गायब असते. निर्बंधक प्रथिनांच्या बाबतीत त्याला नको ते हजर असते. हे रूप उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळते, भारतात ते दुर्मीळ आहे.

१४. काढा, जीवनसत्त्वे किंवा एखाद्या ‘इम्युनिटी बूस्टर’मुळे ही प्रथिने वाढतात का?

या पानावरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. अशा उत्पादनांनी निर्बंधक प्रथिने वाढवून माणसाचे विषाणूपासून रक्षण होते, असा पुरावा नाही. त्याहून महत्त्वाचे हे की ती कायम वाढलेली असणे ही इष्ट गोष्टच नाही. ज्या मुलांत सॅमएचडी१ चे जनुक बिघडलेले असते त्यांच्यात पेशीच्या स्वतःच्याच जनुकीय मालाला परका समजून इंटरफेरॉनची यंत्रणा सतत पेटलेली राहते आणि मेंदूला इजा करणारा एकार्दी-गुतिएर विकार होतो. हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतलेल्यांना ताप, गळून जाणे आणि नैराश्य यांचा अनुभव आहे. थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या येताच ती मागे पडली ती उगाच नाही. पेशी ही प्रथिने गरजेपुरती वाढवते आणि मग उतरवते, आणि त्या उतरवण्यालाही तितकेच महत्त्व आहे.

१५. ही झुंज लाखो वर्षे चालली आहे हे कशावरून कळते? आणि मग आपण अजून हरतो का?

जनुकाच्या मजकुरातील काही बदलांनी अमिनो आम्ल बदलते, काहींनी नाही. बहुतेक जनुकांत अमिनो आम्ल बदलणारे बदल गाळले जातात. निर्बंधक प्रथिनांच्या जनुकांत, विशेषतः विषाणूला भिडणाऱ्या भागांत, ते उलट निवडून टिकवलेले दिसतात. एपोबेक३जी जनुकावर अशी निवड किमान ३ कोटी ३० लाख वर्षांपासून होत आहे. तेवढा काळ एचआयव्ही अस्तित्वात नव्हता, म्हणजे झुंज इतर विषाणूंशी होती.

हरण्याचे कारणही त्यातच आहे. आपली प्रथिने पूर्वजांच्या शत्रूंना गाठण्यासाठी घडलेली आहेत. मानवी ट्रिम५अल्फा एचआयव्ही-१ समोर दुबळे असले, तरी उंदरांतील एका ल्युकेमिया विषाणूच्या काही वाणांना ते जोरदार अडवते. शिवाय विषाणूची पिढी एक-दोन दिवसांची आणि आपली पंचवीसेक वर्षांची, त्यामुळे आपल्या बाजूचा बदल व्यक्तीच्या नव्हे तर वंशाच्या काळगणनेने होतो.

१६. मग उंदरांवर किंवा माकडांवर केलेल्या प्रयोगांवर कितपत विसंबावे?

प्राण्याचा प्रकार पाहून. लिंडेनमान यांनीच १९६२ मध्ये ए२जी या वाणाचे उंदीर इन्फ्लुएंझाला दाद देत नाहीत हे नोंदवले आणि पुढे त्याचे कारण एमएक्स१ जनुक असल्याचे निघाले. गंमत अशी की प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांत हे जनुक मोडलेले आहे, त्यामुळे ते उंदीर फ्लूला अनैसर्गिकरीत्या सहज बळी पडतात. डेंगीची अडचण याच्या उलट आहे. त्याचे एनएस५ मानवी स्टॅट२ नष्ट करते, उंदराचे मात्र त्याला पकडता येत नाही, म्हणून डेंगीच्या प्रयोगांत बहुधा इंटरफेरॉनचे ग्राहक काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. एचआयव्हीच्या लशींची चाचणी ऱ्हिसस माकडांवर एसआयव्ही आणि एचआयव्ही यांच्या संकरित विषाणूने का करतात, याचे उत्तर प्रश्न ७ मध्ये मिळेल.

१७. एपोबेक प्रथिनांच्या चुका विषाणूच्याच फायद्याच्या ठरू शकतात का?

ठरू शकतात, आणि येथे जाणकारांतही मतभेद आहेत. विफने एपोबेक३जी जवळजवळ संपवले पण थोडे उरले, तर विषाणूत मारक संख्येच्या चुका न होता मोजक्याच होतात, आणि त्यांतून औषधांना दाद न देणारे रूप निघू शकते. माझे मत असे की हा धोका खरा असला, तरी विफ नसलेला विषाणू ज्या तऱ्हेने कोसळतो त्याच्या तुलनेत तो दुय्यम आहे.

एमपॉक्सच्या बाबतीत या चुका तपासाला उपयोगी पडल्या. २०२२ च्या साथीतील विषाणूंत एपोबेक३ ची सही असलेले बदल इतके साचलेले होते की, तो विषाणू निदान २०१६ पासून माणसामाणसांत फिरत असावा असा निष्कर्ष निघाला. याच कुळातील एपोबेक३ए आणि एपोबेक३बी या प्रथिनांच्या खुणा अनेक कर्करोगांच्या जनुकसंचातही सापडतात. विषाणूविरुद्धचे हत्यार घरातच चालल्याचा हा पुरावा आहे.

१८. या ज्ञानातून एखादे औषध निघाले आहे का?

विफला किंवा व्हीपीयूला रोखून पेशीच्या प्रथिनांना मोकळे सोडणारे, मान्यता मिळालेले औषध अजून नाही. विफचे एपोबेक३जीशी जुळणारे पृष्ठभाग रुंद आणि सपाट आहेत, आणि लहान रेणूने असा पृष्ठभाग झाकणे अवघड असते. जनुकोपचाराच्या दिशेने रुग्णाच्या मूळ पेशींत (स्टेम सेलमध्ये) एचआयव्हीला अडवणारे ट्रिम५चे रूप घालण्याचे प्रयत्न प्रयोगशाळेत झाले आहेत.

निर्बंधक प्रथिनांनी दाखवलेल्या कमकुवत जागेवर मात्र एक औषध नेमके बसले आहे. ट्रिम५अल्फा आणि एमएक्सबी ज्या आतल्या कवचावर हल्ला करतात, त्याच कवचाला लेनाकापाविर चिकटते. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शनने द्यायच्या या औषधाला २०२२ मध्ये युरोप व अमेरिकेत उपचारासाठी आणि २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ते निर्बंधक प्रथिनांची नक्कल करून घडवलेले नाही. पण विषाणूचे कवच हे वार करण्याजोगे ठिकाण आहे, हे माकडांच्या पेशींनी त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते. अर्थात विषाणू येथेही स्वस्थ बसत नाही: कवचातील काही अमिनो आम्ले बदलून लेनाकापाविरला चुकवणारे वाण उपचारादरम्यान आढळले आहेत आणि त्यांपैकी काहींची वाढण्याची क्षमता मंदावलेली दिसते.